पॉलिश केलं तरी पाण्याचे डाग परत येतात? आधी पाण्याचा माग काढा

मार्च उजाडला की बॉनेटवर, टपावर आणि डिकीच्या झाकणावर पांढरी गोल वर्तुळं घेऊन गाड्या माझ्याकडे यायला लागतात. तक्रार ठरलेली. धुऊन डाग जात नाहीत, रबिंग-पॉलिश केलं की जातात, आणि महिन्याभरात जसेच्या तसे हजर. मग कोणी कंपनीच्या रंगाला नावं ठेवतं, कोणी पॉलिशवाल्याला, कोणी स्वतःलाच, की काळी गाडी घ्यायलाच नको होती. पांढऱ्या गाडीवरही डाग तेवढेच पडतात, फक्त दिसत नाहीत.

परत आलेल्या डागावर परत पॉलिश, हा सगळ्यात महाग पडणारा उपाय. पैशांचं सोडा. पॉलिश म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, थोडा थोडा घासून कमी करणं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केससुद्धा बहुधा याहून जाड भरतो. एकदा घासला की तो भरून येत नाही. म्हणून मशीनला हात लावायच्या आधी दोन गोष्टी नक्की करा: डाग रंगावर बसलाय की रंगात उतरलाय, आणि ते पाणी मुळात येतंय कुठून. दुसरी गोष्ट कोणी बघत नाही, आणि सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

डागात असतं काय

सांगली-मिरजेत नळाला कृष्णेचं पाणी येतं. पण गाडी धुवायला ते कोण वापरतो? गाडीला बोअर. आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. नदीकाठची काळी जमीन, त्यात वर्षानुवर्षं उसाला दिलेलं पाणी, त्यामुळे जिल्ह्यात ठिकठिकाणी रानं क्षारपड झालेली आपण बघतोच. ज्या घरात डाळ शिजता शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर कवच चढतं आणि शॉवरची भोकं बुजतात, त्या घरच्या पाण्याने धुतलेल्या गाडीवर डाग पडणारच.

पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. थेंब वाळायला लागला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पाण्यात न विरघळणारं कार्बोनेट मागे राहतं, म्हणजे चुनखडीच. थेंबाची कड आधी सुकते आणि आतलं पाणी क्षार घेऊन कडेकडे सरकतं, म्हणून डाग भरीव ठिपका न होता वर्तुळासारखा दिसतो. आपला सगळा पट्टा काळ्या पाषाणाचा, त्यामुळे बोअरच्या पाण्यात विरघळलेली सिलिकाही, म्हणजे वाळू-काचेतला मुख्य पदार्थ, असते. ही सिलिका पुढे त्रास देणार आहे, तेवढं ध्यानात असू द्या.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरलंय, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं म्हटलंय. विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी, ज्याला सगळे टीडीएस म्हणतात, हेच आकडे ५०० आणि २००० आहेत. म्हणजे माणसाने प्यायला चालेल असं पाणीसुद्धा गाडीवर छाप सोडून जाईल इतकं क्षारांचं असू शकतं. "आम्ही हेच पाणी पितो की" हा युक्तिवाद म्हणून इथे टिकत नाही.

नुसती चुनखडी वर बसली असेल तर घाबरायचं कारण नाही. खरं नुकसान उष्णता करते. एप्रिलच्या उन्हात गडद रंगाचं बॉनेट ६० अंशांच्या वर सहज जातं. त्यावर पाणी पडलं की थेंब आटत जातो, उरलेल्या चिमूटभर पाण्यात क्षार दाटत जातात, आणि तापून जरा मऊ पडलेल्या क्लिअर कोटला ते खातात. गाडी रात्री निवते, सकाळी परत तापते. असं आठवडेच्या आठवडे चाललं की वर्तुळाच्या जागी खळगी पडते. मग वरचा क्षार काढला तरी खळगीची कड उजेडात चमकतेच.

आणखी एक समजूत फार पसरलेली आहे, की पाण्याचा थेंब भिंगासारखं काम करतो आणि ऊन एकवटून रंग जाळतो. पत्र्याला चिकटलेल्या थेंबातून जाणारे किरण एकत्र येतात ते रंगाच्या बरेच खाली, रंगावर नाही. दोष पाण्यातल्या क्षाराचा आणि तापलेल्या पत्र्याचा.

वर बसलाय की आत उतरलाय

गाडी आधी शॅम्पूने नीट धुऊन सावलीत कोरडी करा. धुळीच्या गाडीवर कसलीही परीक्षा करू नका, बोट फिरवलं तरी चरे पडतात. मग मोबाईलची बॅटरी लावून पत्र्याला जवळजवळ समांतर, आडवी धरा. वरून सरळ उजेड टाकला तर काहीच कळत नाही; आडव्या उजेडात डागाची कड उंच आहे की खोल ते लगेच दिसतं. स्वच्छ बोट अलगद फिरवा. बारीक खरखर लागली तर क्षार वर आहे. बोट गुळगुळीत फिरतंय आणि डाग तरी दिसतोय, तर तो बहुतेक आत गेलाय.

शंका राहिलीच तर एका डागावर व्हिनेगर लावून बघा, कृती खाली दिली आहे. डाग गेला, विषय संपला. पांढरेपणा गेला पण वर्तुळाची सावली उरली, म्हणजे क्षार निघाला आणि खाली खळगी आहे. काहीच फरक पडला नाही, तर एक तर सिलिका आहे किंवा तो पाण्याचा डाग नाहीच. झाडाचा चीक, पक्ष्याची शिट, वाळलेलं पॉलिश यांचेही असेच ठिपके दिसतात. शिटेचा डाग मात्र वेडावाकडा असतो आणि मधोमध रंग सुरकुतल्यासारखा होतो. पाण्याच्या थेंबाची गोलाई त्याला नसते.

डाग कुठे पडलेत ते बघा

गाडीभोवती एक फेरी मारा आणि डाग कुठल्या भागात, कुठल्या दिशेला आहेत ते बघा. पाणी कुठून आलं ते जागेवरून कळतं, आणि माझ्या मते सगळ्या दुरुस्तीतलं मोलाचं काम हेच.

सगळ्या गाडीवर, विशेषतः आडव्या भागांवर सारखे पसरलेले डाग असतील तर धुण्याच्या पाण्याचा किंवा धुण्याच्या पद्धतीचा दोष. दुपारी बारा वाजता, ऑफिसातून सुटी आहे म्हणून, गेटबाहेर उन्हात पाईप लावून धुतलेली गाडी. टप धुऊन बाजू धुवायला लागेपर्यंत टप वाळलेला असतो.

फक्त एकाच बाजूला, दरवाज्यांवर आणि त्या बाजूच्या काचांवर बारीक शिंतोडे असतील तर बागेचा फवारा किंवा माळ्याचा पाईप बघा. सोसायटीत पहाटे झाडांना पाणी घालतात ते बोअरचंच, आणि ते रोज पडतं. गाडीमालक झोपेत असतो, त्याला पत्ता नसतो. गाडी उलट तोंड करून आठवडाभर लावा. नवे डाग दुसऱ्या बाजूला यायला लागले की काम झालं.

टपाच्या एकाच कोपऱ्यात दाट डाग आणि खाली ओघळ, हे बहुतेक शेजारच्या गच्चीवरच्या टाकीचं. टाकी भरून वाहते, वारा असला की तुषार पार गाडीपर्यंत येतात. हे सांगायला शेजाऱ्याकडे जावं लागतं, आणि पॉलिशपेक्षा ते अवघड काम आहे हे मान्य. पण टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह बदलायला जेवढा खर्च येतो त्यात पॉलिशचं एक पॅडही धड येत नाही.

आरशांखाली, दरवाज्याच्या हँडलखाली, नंबरप्लेटखाली उभ्या रेघा असतील तर धुऊन पुसताना त्या फटीत पाणी राहिलंय. पुसून झाल्यावर गाडी दोन गल्ल्या फिरवून आणा, जोरात एक-दोन ब्रेक मारा, आणि परत त्याच जागा टिपून घ्या.

सगळ्यात वाईट डाग स्लॅबच्या गळतीचे. विश्रामबागेतल्या एका अपार्टमेंटमधली गडद निळी सेडान घेऊन एक गृहस्थ आले होते. "दादा, गाडी पार्किंगमध्ये असते. डोक्यावर स्लॅब, ऊन नाही, पाऊस नाही. दर सहा महिन्यांनी पॉलिश करतो. डाग येतात कुठून?" बॉनेटच्या उजव्या बाजूला हाताच्या पंज्याएवढ्या जागेत पांढरे, जाड, खपलीसारखे थेंब होते, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक छोटा उंचवटा. बोअरच्या पाण्याचा डाग इतका जाड होत नाही. मी म्हटलं, "काका, घरी गेलात की गाडी जिथे लावता तिथे उभं राहून वर बघा." संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला. स्लॅबला बारीक चीर, तिच्या कडेने पांढरी रेघ, आणि खाली काडीसारखा लोंबणारा क्षार, त्याच्या टोकाला एक थेंब.

वर बाथरूम होतं. झिरपणारं पाणी काँक्रीटमधून येताना सिमेंटमधला मोकळा चुना सोबत घेऊन येतं. हे पाणी कडक अल्कधर्मी असतं, ताजं असताना त्याचा सामू १२ च्या आसपास जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की त्याची दगडासारखी खपली होते. ऊन लागलं नाही तरी हा थेंब रंग खातो, आणि काही दिवसांतच खातो. अशा वेळी गाडी त्याच दिवशी हलवायची. गळती काढायचं काम सोसायटीच्या बैठकीत जेव्हा मंजूर होईल तेव्हा होईल. जागा बदलता येत नसेल तर वर पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं आडोशाचं छप्पर बांधा, पण कापडी कव्हरवर विसंबू नका. थेंब कापडात मुरतो आणि ओलं कापड बॉनेटला चिकटून राहतं.

कव्हरचा विषय निघालाच आहे तर, गाडी धुऊन ओली असतानाच कव्हर घालणारे लोक सगळ्या गाडीभर अस्पष्ट, पुसट ढगासारखे डाग घेऊन येतात. कव्हर कोरड्या गाडीवरच घालायचं, आणि गाडी धुळीची असेल तर न घातलेलं बरं.

दोन गोष्टी खास आपल्या भागातल्या. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या आसपास काजळी पडते, बगॅसची म्हणजे उसाच्या चोथ्याची राख. थंडीत पहाटे दव पडतं, राखेचे कण भिजून चिकटतात, आणि नऊच्या उन्हाला वाळून करडे ठिपके होतात. सकाळी ऑफिसला जायच्या घाईत ते कोरड्या फडक्याने झटकले की कण रंगावर घासले जातात आणि चरे पडतात. आधी भरपूर पाण्याने वाहवून काढा, मगच हात लावा. दुसरी गोष्ट तासगावकडची. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांना ट्रॅक्टरच्या ब्लोअरने औषध मारतात तेव्हा रस्त्याकडेला लावलेल्या गाडीवर तुषार येतात. बोर्डो असेल तर मोरचूद आणि चुना दोन्ही आले. निळसर-पांढरे ठिपके दिसले की तेच. हे त्याच दिवशी धुतलं तर पाण्याने जातं, वाळून बसलं की खनपटीला बसतं. बागायतदार मंडळींना वेगळं सांगायला नको, पण गाडी बांधावर लावताना वारा कुठला आहे ते बघत चला.

वर बसलेला डाग काढायचा कसा

साधं पांढरं व्हिनेगर घ्या, ज्यात ४-५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. त्यात तेवढंच बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, मिसळा. बोअरचं पाणी मिसळलंत तर थोडं ॲसिड त्या पाण्यातल्या क्षारावरच खर्च होईल. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. मऊ मायक्रोफायबर फडकं या पाण्यात भिजवून डागावर नुसतं ठेवा, घासू नका. एक मिनिट, फार तर दोन. जवळून कान दिलात आणि क्षार जाड असला तर बारीक चुरचुर ऐकू येते; चुनखडीतून वायू सुटत असतो. मग फडकं अलगद उचलून पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. राहिलं तर परत एकदा, दोनदा. व्हिनेगर पत्र्यावर वाळू द्यायचं नाही. सगळं झालं की शॅम्पूने पूर्ण गाडी धुवा, कारण फटीत राहिलेलं ॲसिड चांगलं नाही, आणि वॅक्स असेल तर तेही बरंचसं निघून गेलेलं असतं, ते परत लावावं लागेल.

एक खबरदारी कोणी सांगत नाही: पोर्चमध्ये शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर आधी ती भिजवून घ्या आणि काम चालू असताना पाणी मारत राहा. ही फरशी चुनखडीच आहे. गाडीवरचा डाग जाईल आणि फरशीवर कायमचा पडेल, मग घरात कोणाला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही बघा.

दुकानात मिळणारे वॉटर स्पॉट रिमूव्हर बहुतेक याच तत्त्वावर चालतात, फक्त ॲसिड वेगळं आणि थोडं जोरकस असतं. व्हिनेगरने न जाणारा क्षार त्याने जातो. वापरताना हातमोजे घाला आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. बाथरूमचं ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर मात्र गाडीजवळ आणू नका. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. डाग चुटकीसरशी जाईल, पण फटीत शिरलेलं ॲसिड पत्र्याला गंज चढवेल आणि क्रोमच्या पट्ट्या काळ्या पाडेल. हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असलेलं काही कोणी "जादूचं लिक्विड" म्हणून सुट्या बाटलीत देत असेल तर घेऊच नका. सिलिका त्याने खरंच विरघळते, पण कातडीतून आत गेलं तर जिवावर बेतू शकतं.

क्ले बार, म्हणजे रंगावर फिरवायची चिकणमातीसारखी वडी, त्याबद्दल थोडक्यात: चिकटलेली धूळ, राख, रंगाचे तुषार यांसाठी तो चांगला. क्षाराच्या खपलीवर आधी ॲसिड, मग क्ले. उलट केलं तर सुटलेला टणक कण क्लेमध्ये अडकून गाडीभर चरे ओढतो. खळगीवर क्लेचा काही उपयोग नाही.

खळगी पडली असेल तर

आता पॉलिश. हिशेब असा, की खळगीच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा क्लिअर कोट खाली आणायचा, तेव्हा खळगी दिसेनाशी होते. बारीक फिनिशिंग पॉलिशने एका वेळी साधारण एखादा मायक्रॉन जातो, कटिंग पॅड आणि कंपाउंडने दोन-चार किंवा जास्त. ३५ मायक्रॉनच्या थरातून दर सहा महिन्यांनी चार मायक्रॉन काढत गेलात तर काही वर्षांत काय उरेल ते तुम्हीच मांडा. शिवाय थर संपेपर्यंत वाट बघावी लागत नाही. उन्हापासून रंगाला वाचवायचं काम हाच थर करतो, आणि तो पातळ झाला की रंग फिका पडतो, पापुद्रे सुटतात. रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या टपावर पांढरट सालं निघालेली दिसतात, तो क्लिअर कोट.

जो पॉलिश करणार त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का ते विचारा. लोखंडी पत्र्यावर कारखान्याचा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १४० मायक्रॉन दाखवतो. ८० च्या आसपास आकडा आला तर त्या भागावर आधीच भरपूर घासाघासी झालेली असू शकते, हात आखडता घ्या. २५०-३०० दाखवत असेल तर भाग परत रंगवलेला आहे. हे यंत्र एकूण जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं यंत्र चालत नाही.

स्वतः करायचं असेल तर ड्युअल ॲक्शन, म्हणजे फिरता फिरता डगमगणारं, मशीनच घ्या. नुसतं गोल फिरणारं रोटरी जलद कापतं, पण बॉनेटच्या धारेवर दोन सेकंद जास्त थांबलात तर आतला रंग दिसायला लागतो. धारांवर आणि उठावाच्या रेषांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे टेप लावून घ्या. आधी हातभर लांब-रुंद चौकोन निवडा आणि त्यावर सगळ्यात सौम्य पॉलिश, मऊ फोम पॅड लावून सावकाश चार-सहा फेऱ्या मारा. पुसा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून ती जागा परत पुसा. हे न करता बघितलं तर फसाल, कारण पॉलिशमधलं तेल खळगी भरून टाकतं आणि डाग गेल्यासारखा वाटतो. महिन्याभरात तेल धुऊन गेलं की डाग "परत" येतो. बऱ्याच जणांचे परत आलेले डाग हे मुळात कधी गेलेलेच नसतात.

सौम्य जोडीने जमलं नाही तरच एक पायरी वर चढा: तेच पॅड आणि जरा कडक पॉलिश, मग कडक पॅड. चौकोनात जमलं की तीच जोडी बाकी गाडीला. बंपरवर हात हलका ठेवा, प्लॅस्टिक उष्णता वाहून नेत नाही आणि रंग चटकन तापतो.

आणि थांबायचं कुठे? डाग चार फुटांवरून दिसत नाही, आडवी बॅटरी धरल्यावरच दिसतो, तिथे थांबा. उरलेली सावली काढायला जो थर जाईल तो पुढच्या अपघाती चऱ्यासाठी राखून ठेवलेला बरा. दोन-तीन हजार नंबरच्या पेपरने पाण्यात घासून खोल खळगी काढता येते, आणि काही ठिकाणी हे सर्रास करतात. माझा याला विरोध आहे. जाडी मोजल्याशिवाय आणि गिऱ्हाईकाला आकडा दाखवल्याशिवाय पेपर लावणारा कारागीर कितीही हुशार असो, त्याला ते करू देऊ नका. स्लॅबच्या पाण्याने खाल्लेलं बॉनेट कधी कधी त्याच्याही पलीकडे गेलेलं असतं. तिथे तेवढा भाग रंगवून घेणं हाच सरळ मार्ग.

काचेवरचे डाग वेगळे. व्हिनेगर चालतं, पण आत उतरलेल्या डागाला रंगाचं कंपाउंड लागू पडत नाही. सेरियम ऑक्साइडची पूड आणि फेल्टचं पॅड लागतं. समोरच्या काचेवर वायपरच्या वाटेत जास्त घासू नका, एकाच जागी घासलं तर काच लाटेसारखी दिसते आणि रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होतो.

कोटिंग केलं की सुटलो?

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावायचा कडक पारदर्शक थर, विकताना "पाणी थांबतच नाही, डाग पडतच नाहीत" असं सांगतात. पाणी घसरतं हे खरं. पण जे थेंब राहतात ते गोल, उंच आणि सुटे राहतात, आणि वाळले की प्रत्येकाची क्षाराची टिकली उठून दिसते. बिनकोटिंगच्या गाडीवर तेच पाणी पसरून पातळ वाळतं. कोटिंगचा फायदा एवढाच, की क्षार आधी कोटिंगला चिकटतो आणि खाल्लं तर आधी कोटिंग खाल्लं जातं. वेळेवर ॲसिडने काढलं तर खालचा रंग वाचतो. कोटिंग करून गाडी पूर्वीसारखीच दुपारच्या उन्हात बोअरने धुणाऱ्याचे पैसे वाया गेले असंच मी म्हणेन.

पाण्याचं काय करायचं

टीडीएसचा पेनासारखा मीटर काहीशे रुपयांत मिळतो. पण तो फक्त एकूण क्षार सांगतो, त्यात कॅल्शियम किती ते नाही. काठिण्याचा अंदाज हवा तर बाटलीत पाणी घेऊन साबणाचा चुरा टाका आणि हलवा. फेस न होता पांढरट साय आली की पाणी जड.

सॉफ्टनर बसवलेला असेल तर त्यातून आलेल्या पाण्याचा टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून लोक म्हणतात यंत्र चालतच नाही. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम घालतं. डाग पडतो, पण सोडियमचे क्षार पाण्यात विरघळतात, ओल्या फडक्याने निघतात. गाडीसाठी एवढं पुष्कळ आहे.

आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून गाडी धुणारी घरं भरपूर आहेत. पाणी वाचवायची भावना चांगली, पण गाडीसाठी याहून वाईट पाणी नाही. समजा ९०० टीडीएसचं पाणी आत गेलं, तिसरा हिस्सा ८० चं शुद्ध होऊन बाहेर आलं, तर उरलेल्या दोन हिश्श्यांत क्षार कोंबले जातात आणि ते पाणी १३०० च्या आसपास जातं. त्याने फरशी पुसा, संडास धुवा. गाडीवर नको.

उलट एसीच्या नळीतून गळणारं पाणी फुकट वाया घालवतो, ते गाडीला उत्तम. हवेतली वाफ थंड होऊन आलेलं पाणी, त्यात क्षार नावापुरते. कोरड्या एप्रिलमध्ये कमी मिळेल, वळवाच्या दिवसांत बादल्या भरतील. पातळ कापडातून गाळून घ्या. सगळी गाडी त्याने धुवायची गरज नाही. धुणं बोअरने करा, आणि शेवटचं विसळणं, पाच-सात लिटर, या पाण्याने किंवा आरओच्या शुद्ध पाण्याने. पंपाच्या फवाऱ्याने मारलं तर आणखी कमी लागतं. पंप नवा घ्या. शेतातला औषधाचा पंप धुऊन वापरायचा विचार करू नका, तणनाशकाचा अंश आणि घरची लहान मुलं एकाच अंगणात नकोत.

धुण्याची वेळ पहाट किंवा सूर्य मावळल्यावर, बॉनेटला तळहात लावून गार लागेल तेव्हा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर इंजिनची उष्णता बॉनेटला असतेच, अर्धा तास जाऊ द्या. एकेक भाग धुवायचा, विसळायचा, आणि बाकीची गाडी धुईपर्यंत तो वाळू द्यायचा नाही, मध्ये मध्ये ओला करत राहायचं. शेवटी पाईपचं नोझल काढून टपावरून पाण्याचा सलग, हलका लोट सोडा. थेंब उडवण्यापेक्षा पाणी चादरीसारखं खाली ओघळून जातं आणि पुसायला थोडंच राहतं. मोठा, दाट मायक्रोफायबर टॉवेल पसरून पाणी टिपा. जुन्या बनियनचं फडकं नको.

पावसाळ्यात डाग कमी पडतात कारण पावसाच्या पाण्यात क्षार फार नसतात. पण जूनच्या पहिल्या सरीत हवेतली आणि गाडीवरची धूळ मिसळून चिखलाचे ठिपके होतात. पाऊस थांबून ऊन पडायच्या आत गाडीवरून एकदा पाणी मारलं तर पुढची कटकट वाचते.

राहिला प्रश्न सर्व्हिसिंगचा. घरी एवढं सगळं करायचं आणि सर्व्हिसिंगला गेलेली गाडी बोअरच्या प्रेशरने धुऊन अंगणात उन्हात उभी राहायची, हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. गाडी देताना जॉबकार्डवर "बाहेरून धुऊ नये" एवढं लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं धुणाऱ्या पोरापर्यंत पोचत नाही. तरी धुतलीच, तर गाडी ताब्यात घेताना बिल बघायच्या आधी टप बघा. थेंब अजून ओले असतील तर तिथेच, डिकीत ठेवलेली बॅटरीच्या पाण्याची बाटली ओतून टॉवेलने टिपून घ्या. घरी पोचेपर्यंत ते वाळलेले असतील.